कागदानं धड, अंगानं धड

बाबूजी, तुमच्या माघारी तुमच्या जागेवर उभी असलेली बाई मी काल पाहून आलो. तुमची जागा म्हणजे हँगरच्या उजव्या दाराजवळची, जिथे सकाळचं ऊन आधी येतं आणि पंख्याच्या पात्यावरची केसाएवढी चीरही लपत नाही. ती तिथे कमरेवर हात ठेवून, मान जराशी डावीकडे कलती करून उभी होती. तुमची मान कलायची ती मणक्याच्या दुखण्यानं. तिची मान चांगली ठणठणीत आहे, तिला ती वाकडी करायचं काही कारण नाही. तिनं ती तुमच्याकडून उचलली आहे. आणि मी, पोटचा पोरगा, नाकापासून तळपायापर्यंत आईवर गेलो.

लोक मला विचारत, वडील काय करतात? मी सांगे, विमानाचे इंजिनीअर. मग, उडवतात? नाही. बनवतात? नाही. मग करतात तरी काय? मला उत्तर यायचं नाही, कारण तुम्ही फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणत होता. आपल्या सानगडीहून सायकलनं धावपट्टीवर जायचं, शिकणारी पोरं ज्यात बसून उडायला शिकतात त्या दोन बैठकींच्या लहानशा विमानाभोवती फिरायचं, आणि ते आज कायद्यानं उडण्यालायक आहे की नाही हे ठरवून खाली सही करायची. 'उडण्यालायक' हा शब्द तुम्ही कधी वापरला नाही. तुमचा शब्द होता 'धड'. आणि धड दोन बाजूंनी असावं लागे. कागदानं धड हाये काय? अंगानं धड हाये काय? दाखला चालू आहे का, मुदत संपलेला भाग बदलला का, बसवलेली प्रत्येक वस्तू त्याच जातीच्या विमानासाठी मान्य असलेली आहे का, हे कागदाचं. आणि गंज, गळती, ढिला खिळा, हे अंगाचं. दोन्ही 'हो' आले तर विमान बाहेर. एक जरी 'नाही' आलं तर विमान घरातच, मग बाहेर कोणी का उभा असेना.

ही परीक्षा तुम्ही घरातही आणली होती. एका रविवारी आई भात लावत होती आणि तुम्ही कुकरचं झाकण हातात घेऊन चुलीपुढे बसला होतात. आईनं बाजारातून नवी शिट्टी आणली होती आणि ती छान वाजत होती. तुम्ही ती काढलीत, उजेडात धरलीत, म्हणालात, "हे या कुकरची नोहे." आई म्हणाली, "बसते ना पण! वाजते ना!" तुम्ही म्हणालात, "बसते म्हंजे त्याचीच हाये असं नाही." आईनं पदर खोचला आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "पाह्य रे, आता आपल्या भातालेही तुह्या बापाची सही लागते." त्या दिवशी आम्ही पातेल्यातला, थोडा बुडाला लागलेला भात खाल्ला. तुम्ही दुसऱ्यांदा मागून घेतलात. मी तेव्हा कॉलेजात होतो, वादविवादात ढाली जिंकत होतो, आणि मनात म्हणत होतो की या माणसाला शिट्टीचं कूळ कळतं, पण त्याच घरात राहणाऱ्या पोराचं मोठेपण कळत नाही.

मी बोलणारा झालो. तुम्हाला ठाऊक आहे, भंडाऱ्यापासून पवनीपर्यंत माझ्या सभेला लोक बैलगाड्या जुंपून यायचे. वैनगंगेचं पाणी अडलं, गोसीखुर्द धरणामागची गावं उठली, तेव्हा त्या उठलेल्या माणसांसाठी मी घसा फोडून बोललो आणि आजही बोलतो. माझं एकच म्हणणं होतं, आहे आणि राहील: माणूस डोळ्यांपुढे उभा असताना त्याचा कागद मागणं हा अपमान आहे. माझी पहिली मोठी सभा ठरली तेव्हा भोंगा बिघडलेला होता. तुम्ही काही न सांगता आलात, शर्टाच्या बाह्या वर केल्यात, भोंग्याची तार न् तार तपासलीत, चारही कोपऱ्यांत जाऊन कान देऊन ऐकलंत. लोक जमायला लागले होते. मी म्हणालो, बाबूजी, आता बसा पुढे. तुम्ही हात पुसत म्हणालात, "भोंगा धड हाये. आता त्यातून काय निघन त्याची सही तुले कराची हाये." आणि सायकलवर टांग टाकून निघून गेलात. माझं पहिलं भाषण तुमच्याशिवाय सगळ्या गावानं ऐकलं. ती तुम्ही मला दिलेली भेट होती की फटकार, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

मग ती आली. नदीकाठच्या, जाळ्यावर पोट असलेल्या घरातली. तिचं गाव पाण्याखाली गेलं आणि घर नव्या वसाहतीत आलं. शहरातून विमानदुरुस्तीचं शिक्षण घेऊन ती तुमच्या हाताखाली शिकायला लागली आणि घरात तुमचा आवाज ऐकू यायला लागला. मला आधी वाटलं, कोणी पाहुणा आला आहे. तोवर मला ठाऊकच नव्हतं की तुम्ही सलग इतकं बोलू शकता. ती जेवायला आली की तुम्ही पानावर बोटानं पंखाचा आकार काढून दाखवत होता. तिनं उलटं विचारलं की तुम्हाला राग येण्याऐवजी हसू येत होतं. मी उलटं विचारलं की तुम्ही पाणी पिऊन उठत होता. मी मधल्या खोलीत पुस्तक धरून बसायचो. त्या वर्षात मी जगातले कितीतरी मोठे ग्रंथ वाचले, आणि खरं सांगायचं तर त्यांतलं एक पानही वाचलं नाही. कान सगळा वेळ तुमच्या पानाशी होता. तुमचा तो दांडीचा छोटा आरसा, ज्यानं तुम्ही इंजिनाच्या मागचं अंधारातलं पाहायचात, तो तुम्ही तिला दिलात. मोठी दुरुस्ती झाल्यावर विमान तपासायला वर न्यायचं होतं, तेव्हा वैमानिकाच्या शेजारची तुमची बैठक तुम्ही तिला दिलीत. मी एकदा मागितली होती ती बैठक. तुम्ही म्हणाला होतात, "ते फिरवाचं नाही, शिकवाचं हाये." मी पुन्हा मागितली नाही. आजवर विमानात बसलो नाही. दिल्लीला सभेला गेलो तरी रेल्वेनं गेलो. लोकांना वाटलं, साधेपणा.

काल दसरा होता. धावपट्टीवरच्या, विमान शिकवणाऱ्या शाळेनं मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मॅनेजर स्वतः घरी आला होता. म्हणाला, "भाऊसाहेब, तुमच्या वडिलांच्या हातचं विमान आहे. त्याच्या दाखल्याची मुदत दसऱ्याच्याच दिवशी संपते, आणि आता ते इतकं जुनं झालंय की आम्ही पुढं वाढवत नाही. त्यानंतर ते भंगार. शेवटचा फेरा तुम्ही मारा, सानगडीवरून. पूजाही तुमच्याच हातानं." त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या बैठकीवर तुम्ही मला बसवलं नाही तिच्यावर मी बसणार होतो, आणि तुमच्या सहीची गरज नव्हती. सही तिची लागणार होती, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

दसऱ्याला आपल्याकडे नांगर पुजतात, ट्रॅक्टर पुजतात, शिलाई मशीनसुद्धा पुजतात, तर विमानानं काय पाप केलं? पोरांनी पंख्याला झेंडूचा हार बांधला होता, चाकाखाली लिंबं ठेवली होती. माझ्या हाती ओल्या हळदीची वाटी आली. मी नाकाशी बोट लावलं, पंखाला लावलं. मग डाव्या कुशीला, दाराच्या पुढं, एक चकचकीत गोल पत्रा दिसला, रुपयाएवढा, मधोमध बारीक टिंब. मला वाटलं, टिकली लावायची जागाच करून ठेवली आहे यांनी. मी अंगठा भरून हळद घेतली आणि तिथे दाबून लावली, वर कुंकू चेपलं. फोटो निघाले. टाळ्या झाल्या. मी दहा मिनिटं बोललो आणि फार चांगलं बोललो.

ती टाळ्या वाजवत नव्हती. ती त्या पत्र्यापुढे वाकून उभी होती, हातात तुमचा आरसा. माझं बोलणं संपल्यावर तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "दादा, पूरं अंग सोडून तुमाले हेच भोक सापडलं काय?"

पोरं हसली. तिनं मला समजावलं, जरा खालच्या आवाजात, तेवढं मानतो. त्या टिंबातून बाहेरच्या हवेचा दाब आत जातो, आणि त्यावर उंचीचा आणि वेगाचा काटा चालतो. ते बुजलं तर विमान वर जात राहतं आणि काटा जमिनीवरच राहतो. मला हे ठाऊक होतं, बाबूजी. तुम्ही पानावर तिला समजावताना मी मधल्या खोलीतून ऐकलं होतं. फक्त ते भोक नेमकं कुठे असतं, ते तुम्ही तिला बोटानं दाखवलं होतं, आणि बोट मला तिथून दिसलं नव्हतं.

तिनं हळद पुसली, भोकामागची नळी उघडली, साफ केली, पुन्हा जोडली. मग एक यंत्र लावलं, त्यानं दाब दिला, काटे पाहिले. सगळं ठीक. मॅनेजर म्हणाला, "चला! काढा बाहेर." ती म्हणाली, "नाही निघत." तो म्हणाला, "आता काय झालं?" ती म्हणाली, नळी उघडली की मान्य यंत्रानं तपासून सही करावी लागते, आणि तपासायच्या यंत्रालाही स्वतःची तपासणी असते. या यंत्राची मुदत मागच्या आठवड्यात संपली. मुदतीतलं दुसरं यंत्र नागपूरच्या वर्कशॉपात आहे, आणि वर्कशॉपला दसऱ्याची सुट्टी आहे. उद्या सकाळी मिळेल. "उद्या काय करायचं त्याचं?" मॅनेजर ओरडला. "उद्या विमानाचाच कागद नाही! मॅडम, कुंकूच तर होतं यार. जहर थोडीच होतं!"

मग तो माझ्याकडे वळला. "भाऊसाहेब, तुम्ही शब्द टाका. तुमचं कोणी मोडत नाही."

मी शब्द टाकला. चांगला वजनदार टाकला. मी विचारलं, "हे यंत्र बिघडलेलं आहे?" ती म्हणाली, "नाही. एकदम धड हाये." मी विचारलं, "नळी गळते?" "नाही." "मग हे विमान आज उडालं तर पडेल?" "नाही पडणार दादा. मस्त उडन." मग मी वीस शिकाऊ पोरांसमोर बोलायला लागलो. मी म्हणालो, जे डोळ्यांना धड दिसतं, हाताला धड लागतं, ज्याला तपासणारी स्वतः धड म्हणते, त्याला फक्त एका तारखेसाठी अडवून ठेवणं म्हणजे नियमाची पूजा आणि माणसाचा बळी. मी म्हणालो, अशाच तारखांनी आणि शिक्क्यांनी आपली गावं हरली. मी तिच्याकडे बोट करून म्हणालो, हे तुला तरी मी सांगायला हवं का? तू तर पाण्याखालच्या गावची लेक आहेस.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाषण लय भारी झालं दादा. टाळ्या वाजवाव्या वाटून राहिल्या. पण सही कुठं करू सांगा." पोरं पुन्हा हसली. आणि मग हसणं थांबवून ती म्हणाली, "आमचं घर आज्याच्या नावावरच राह्यलं होतं. बापानं नाव चढवलंच नाही. म्हणे, सारं गाव ओळखते आपल्याले, कागद कायले पाह्यजे? मंग पाणी आलं, अन् मोबदला कागदापायी अडकला. तुमी आमच्यासाठी बोलले, मी लहान होती, खांद्यावर बसून ऐकलं होतं. पण मले अर्धा कागद पाह्यला का ते पाणीच दिसते. बाबूजी म्हणत…"

मी तिला तिथेच तोडलं. "कोणाचे बाबूजी?"

 तिच्या डोळ्यांत ते हसू आलं, जे तुमच्या डोळ्यांत आईनं टोमणा मारल्यावर यायचं. म्हणाली, "आता वाटणी कराची काय दादा? काढा मंग सातबारा."

मॅनेजरसुद्धा हसला. मी हसलो नाही. माझं म्हणणं आजही तेच आहे, आणि तुम्ही समोर असता तरी मी तेच मांडलं असतं: ते विमान काल उडण्याजोगं होतं. कायद्यानं नव्हतं, पण होतं. उद्या कोणी मला या विषयावर उभं केलं तर मी तासभर बोलेन आणि सभा जिंकेन. पण माझा तिच्याशी वाद विमानाचा नव्हता. ती 'बाबूजी म्हणत' म्हणाली तेव्हा तिला पुढचं वाक्य येत होतं. मला येत नव्हतं. तुम्ही काय म्हणत होता ते मला माझ्याच घरच्या माणसाबद्दल एका परक्या बाईनं सांगायचं होतं. मी तिला तोडलं म्हणून ते वाक्य मी अजून ऐकलेलं नाही, आणि रात्रभर तेच डोक्यात आहे.

नंतर पोरं पांगली, कोणी सोनं म्हणून आपट्याची पानं वाटत होतं. तिनं मलाही दिलं आणि वाकून नमस्कार केला, आपल्याकडे मोठ्या भावाला करतात तसा. म्हणाली, "चला दादा, बसून तर पाहा. जमिनीवर बसाले सही लागत नाही." तिनं दार उघडून धरलं. आत तुमच्या बैठकीचं कापड दोन्ही कडांना झिजलेलं दिसलं. ती म्हणाली, "वरून तुमच्या गावामागचं बोडीचं तळं कसं दिसते ठाऊक हाये? भाताची पेज सांडल्यावानी. बाबूजीच म्हणत, पाह्य, आमच्या बायकोनं पेज सांडली." आई वारल्यावर तुम्ही तिचं नाव आमच्यापुढे एकदाही काढलं नाही. हिच्यापुढे काढत होता, तेही आभाळात जाऊन, हसत. मी म्हणालो, मला सभेला जायचं आहे. सभा नव्हती. गाडी काढून निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी धान लोंब्यांवर आलं होतं, आणि मी काच चढवून घेतली.

आता सांजवेळ आहे. मुंबई-दिल्लीच्या लोकांना मी पत्रं पाठवतो आणि त्यांची छापील उत्तरं येतात. हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून यात एक गोष्ट लिहिता येते, जी तिला सांगता आली नाही आणि कुठल्याही मंचावरून सांगता येणार नाही.

सातबाऱ्याचं बोलून झाल्यावर ती टेबलाशी गेली होती. विमानाची वही उघडली. पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला वाकली. मॅनेजरनं मला कोपर मारलं, म्हणाला, "झालं काम. वळली." मलाही तेच वाटलं. प्रत्यक्षात ती विमान उभं ठेवल्याची नोंद करत होती, कारणासकट, पण ते आम्हाला दोन मिनिटांनी कळलं. त्या दोन मिनिटांत मला फार आनंद झाला होता, बाबूजी. उडायला मिळणार म्हणून नव्हे. ती खोटी सही करील आणि मग तुमची कोणी उरणार नाही, म्हणून.